वाटी वाजवायची नाही

आमचा राघू जन्माने दिल्लीचा आणि बोलीने मराठी होता, म्हणजे माझ्यासारखाच. फरक एवढाच की त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. मी घरात 'बिल्कुल नहीं'पासून 'चलो ना यार'पर्यंत सगळं मिसळून बोलायची आणि आईची बोलणी खायची. राघू दिवसभर फक्त आईचंच ऐकायचा. त्यामुळे संध्याकाळी जिन्यात बाबांचे बूट वाजले की तो आईच्या आवाजात, तिच्या त्या किंचित दमलेल्या सुरात विचारायचा, "आलात? चहा टाकू?" बाबा दारातूनच "टाक" म्हणायचे. ते कोणाला म्हणायचे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तो आम्हाला मिळाला एका मे महिन्यातल्या आंधीनंतर. आम्ही दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. गॅलरीसमोर कडुनिंबांची रांग, त्यापलीकडे एक मोठी सावर आणि कोपऱ्यात दोन उंच निलगिऱ्या. आंधीत कडुनिंबाची एक फांदी मोडली आणि तिच्यातल्या ढोलीतून हे पिलू खाली पडलं. आईनं त्याला भिजवून वाटलेली डाळ बोटानं भरवून वाढवलं. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. लग्न होऊन दिल्लीला येऊन आईला बरीच वर्षं झाली होती, पण हिंदी तिच्या जिभेवर बसलं नव्हतं. भाजीवाल्याशी बोलायचं तरी ती मला पुढे करायची. बाबा ऑफिसात आणि मी शाळेत गेल्यावर त्या घरात तिच्याशी मराठीत बोलणारा तो एकटाच उरायचा. हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की आई माझ्यापेक्षा पोपटाशी जास्त गोडीनं बोलते, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा.

बाबा एका मंत्रालयात होते. ऑफिसची पेन्सिल चुकून खिशातून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा माणूस. माझी सातवीची परीक्षा तोंडावर आली होती, त्याच मार्चमध्ये त्यांच्या बढतीची फाइल समितीपुढे जायची होती. त्या समितीला सगळे डीपीसी म्हणायचे आणि आमच्या घरात ते नाव नवसाच्या देवासारखं घेतलं जायचं. डीपीसी झाली की फ्रिज, डीपीसी झाली की गावाला, डीपीसी झाली की मला सायकल.

एका रविवारी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पेपर मागायला आले. गॅलरीतल्या पिंजऱ्याकडे बघून हसत म्हणाले, "साहब, ये तोता पालना तो अब कानूनन मना है. और आपका तो डीपीसी आ रहा है ना?" ते पेपर घेऊन वर गेले. बाबांचा चहा कपात तसाच राहिला.

"अहो, सगळ्या दिल्लीत घरोघर पोपट आहेत," आई म्हणाली.

"त्यांची डीपीसी नाहीये."

"पोपटावरून कोणाची बढती अडल्याचं ऐकलंय का तुम्ही?"

"लेखी तक्रार झाली तर? बढतीला विजिलन्सचा, दक्षता खात्याचा, चांगला शेरा लागतो. नुसती चौकशी लागली तरी फाइल थांबते."

'लेखी' या शब्दापुढे आमच्या घरात कोणाचं काही चालायचं नाही. आई उठून आत गेली आणि भांडी आपटायला लागली. राघूला सोडायचं ठरलं.

बदली झालेल्या माणसाला नव्या जागी रुजू व्हायला सरकार काही दिवस देतं, त्याला जॉइनिंग टाइम म्हणतात. बाबांनी राघूलाही दहा दिवसांचा जॉइनिंग टाइम दिला. रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीची दारं-खिडक्या लावायच्या आणि राघूला कपाटावरून पडद्याच्या दांडीवर उडवायचं. बाबा हातात घड्याळ घेऊन उभे. पहिल्या दिवशी तो थेट खाली, माझ्या भूमितीच्या पुस्तकावर आपटला. चौथ्या दिवशी दांडीपर्यंत पोचला. दहाव्या दिवशी खोलीला दोन फेऱ्या मारून बाबांच्या डोक्यावर जाऊन बसला. बाबा मान न हलवता म्हणाले, "फिट." त्यांची ती शिस्त बघून मला हसूही यायचं आणि त्यांच्या अंगावर धावून जावंसंही वाटायचं.

अकराव्या दिवशी पिंजऱ्याचं दार उघडलं. राघू तासभर बाहेरच आला नाही. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत राहिली, गॅलरीत फिरकली नाही. शेवटी तो चालत चालत कठड्यावर आला, कडुनिंबावरच्या थव्याकडे मान तिरकी करून बघितलं, आणि उडाला. बाबांनी पिंजरा माळ्यावर टाकला आणि वर जुनी चादर घातली.

तो पिंजऱ्यात असताना सकाळी साडेसातला आई भिजवलेले हरभरे वाटीत घेऊन चमच्यानं वाटी वाजवायची. दुसऱ्या दिवशी तिनं कोणाला न विचारता गॅलरीत उभं राहून तशीच वाटी वाजवली. कडुनिंबातून एक हिरवी रेघ निघाली आणि राघू कठड्यावर उतरला. आईचा जीव भांड्यात पडला. चार-पाच दिवसांत त्याच्या मागून थव्यातले आठ-दहा पोपट यायला लागले. ते लांब बसायचे, माणूस हलला की उडायचे. राघू मात्र आईच्या मनगटावर बसून खायचा. बाबा दाढी करता करता आरशातून बघायचे आणि म्हणायचे, "रुजू झाला."

तेव्हा सावर फुलली होती. तिच्या लाल फुलांवर मैना, बुलबुल, शिंजीर, हिरवे-पिवळे हरियाल यांची दिवसभर झुंबड असायची. मी परीक्षेसाठी घरी होते आणि गॅलरीत बसून अभ्यासाचं नाटक करायची. एका दुपारी सावरीवरच्या तांबटाचा टुक-टुक आवाज मधेच तुटला. वर बघितलं तर एका आडव्या फांदीवर पारव्याएवढा राखी पक्षी बसला होता. त्याच्या पायाखाली हिरवं काहीतरी होतं आणि तो वाकून त्याची पिसं उपटत होता, घाई न करता, आई पालक निवडते तसा. पिसं तरंगत खाली आली. फुलांवरचं एकही पाखरू हललं नाही की बोललं नाही.

आईला दाखवलं तर ती म्हणाली, "ससाणा असेल." दोन दिवसांनी त्यानं तारेवरचा वेडा राघू, म्हणजे माश्या टिपणारा तो छोटा हिरवा पक्षी, उचलला. त्यानंतर एका सकाळी, वाटी वाजून पाच मिनिटं झाली असतील, तो आमच्या कठड्यावर आला. आला म्हणजे दिसला नाहीच. कठड्यावरच्या पोपटांचा एकदम किंकाळ्यांचा कल्लोळ उठला, आईच्या हातातली वाटी पडली, आणि टोकाला बसलेली एक मादी तिथे नव्हती. थवा वसाहतीच्या पार पलीकडे गेला. आमचा राघू मात्र होता तिथेच बसून हरभरा खात होता.

बाकीच्यांना जे जन्मापासून ठाऊक होतं ते याला ठाऊकच नव्हतं. पिंजऱ्यावरून रोज घारी-कावळ्यांच्या सावल्या जायच्या आणि त्याचं काही वाईट व्हायचं नाही. वरून येणारं काही आपल्यापर्यंत पोचत नाही, एवढंच तो शिकला होता. आणि ते त्याला आम्हीच शिकवलं होतं.

खाली वसाहतीचा म्हातारा माळी वाफ्यांना पाणी देत होता. त्यानं सगळं बघितलं होतं. आईनं नेहमीप्रमाणे मला पुढे केलं. तो निलगिरीकडे बोट दाखवत म्हणाला, "बिटिया, शिकरा है. मादा है, उस ऊँचे पेड़ पे घोंसला बना रही है. तुम्हारी माँ रोज साढ़े सात बजे कटोरी बजाती है ना? उसने भी सुन लिया है. अब वो भी टाइम पे आती है."

मी ते आईला मराठीत सांगितलं. तिचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून आम्ही त्या शिक्र्याला 'ती' म्हणायला लागलो.

त्या दिवशी जेवताना आईनं बाबांना सांगितलं, "त्याला परत घरात घ्या."

"डीपीसी सोळा दिवसांवर आली आहे."

"तोवर ती नेईल त्याला. त्याला पळता येत नाही, अहो. तो बसून राहतो."

बाबांनी आमटीची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "सोळा दिवस सांभाळा. समिती झाली की त्याच दिवशी मी स्वतः माळ्यावरून पिंजरा काढतो."

"आणि कायदा?"

"तो मी बघतो." पेन्सिल परत नेणाऱ्या माणसानं हे म्हटलं होतं.

तर असं ठरलं. वाटी वाजवायची नाही. कूलरच्या लोखंडी स्टँडखाली, जिथे वरून झडप घालता येत नाही, तिथे गुपचूप हरभरे ठेवायचे, तेही रोज वेगळ्या वेळी. थव्यातले पोपट दोन दिवसांत यायचे बंद झाले. राघू मात्र साडेसातला यायचाच. एकटा, उघड्या कठड्यावर बसून, वाटी का वाजत नाही म्हणून मोठमोठ्यानं "चहा टाकू? चहा टाकू?" ओरडायचा. त्याचा आवाज निलगिरीपर्यंत जात असणार. आई त्याला पदरानं हाकलून स्टँडखाली ढकलायची, आणि त्याला तो खेळ वाटायचा.

आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी आई, दुपारी मी, संध्याकाळी बाबा, ऑफिसचे बूटही न काढता. मी इतिहासाचं पुस्तक मांडीवर उघडून आभाळाकडे बघत राहायची. मुघलांचे बादशहा पाठ व्हायचे तेवढ्यात एखादं कबूतर छपरावरून फडफडायचं आणि सगळे बादशहा उडून जायचे. शाळेत पेपर लिहितानाही मला वाटायचं, आत्ता या क्षणी झालं असेल. घरी येताना जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या मी हळू चढायची, म्हणजे वाईट बातमी तेवढीच उशिरा कळेल. दार उघडणाऱ्या आईचा चेहरा आधी वाचायचा आणि मग दप्तर ठेवायचं, अशी सवयच लागली.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी राघू आला नाही.

हरभरे संध्याकाळपर्यंत तसेच राहून आंबले. तेराव्या दिवशीही आला नाही. आईनं भात करपवला, आणि आमच्या घरी भात करपल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. मी खाली जाऊन झाडांखाली हिरवी पिसं शोधली. सापडली पण. पण पोपटाचं पीस ते पोपटाचं पीस, त्यावरून कोणाचं ते कसं कळणार? मी ती परत मातीत टाकली आणि घरी काही बोलले नाही. बाबा दोनदा म्हणाले, "थव्याबरोबर लांब गेला असेल," आणि दोन्ही वेळा आमच्याकडे न बघता.

पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आई-बाबा दोघंही आता नाहीत, म्हणून लिहायचा धीर होतोय.

चौदाव्या दिवशी सकाळी बाबा दुधाच्या रांगेत होते आणि आई आंघोळीला गेली होती. माझा त्या दिवशी शेवटचा पेपर. युनिफॉर्म घालून मी गॅलरीत उभी होते आणि सगळी झाडं अगदी गप्प होती. मला त्याला खायला घालायचं नव्हतं. मला फक्त बघायचं होतं, तो आहे की नाही. नुसतं एकदा दिसला असता तरी मी त्याला हाकलून दिलं असतं. मी आत गेले, वाटी घेतली, चमचा घेतला, आणि वाजवली. तीन वेळा. फक्त तीन वेळा.

तो सावरीकडून आला. सरळ, जोरात, आधी कधी उडाला नव्हता इतका छान उडत आला. कठड्यावर बसला तेव्हा त्याच्या चोचीला आणि गळ्याखाली सावरीच्या फुलांचा पिवळा पराग लागला होता. म्हणजे दोन दिवस तो उपाशी नव्हता, हरवला नव्हता, आमची आठवण काढत बसला नव्हता. फुलांवर बसून खात होता, बाकीच्यांबरोबर. तो शिकत होता. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर उरलेलंही शिकला असता. हे सगळं मला त्या पिवळ्या चोचीकडे बघून एका क्षणात कळलं, आणि मी "जा!" म्हणायला तोंड उघडलं.

ती खालून आली. पहिल्या मजल्याच्या भिंतीला लागून वर. ओला टॉवेल झटकावा तसा आवाज झाला आणि राघू गॅलरीच्या फरशीवर, तिच्या पायांखाली होता. माझ्यापासून दोन हातांवर. तिनं पंख पसरून त्याला झाकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी ओरडायला हवं होतं, चमचा फेकायला हवा होता, नुसता पाय आपटला असता तरी कदाचित तिनं सोडलं असतं. मी काहीही केलं नाही. राघूनं एकच आवाज काढला, आणि तो आईचा नव्हता, पोपटाचा होता. मग ती जड जड उडत कठड्यावरून निघून गेली.

मी वाटी धुतली. फरशीवरची पिसं गोळा करून युनिफॉर्मच्या खिशात कोंबली. आई ओल्या केसांनी बाहेर आली.

"काही आवाज झाला का गं?"

"राघू आला होता," मी म्हटलं. "हरभरे खाऊन गेला. एकदम छान आहे."

आई वेताच्या स्टुलावर बसली. पदर तोंडाला लावून रडली आणि मग हसायला लागली. "बघ, मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली, जरी तसं ती एकदाही म्हणाली नव्हती. तिनं मला दही-साखर दिली आणि पेपरला पाठवलं. पिसं मी शाळेतल्या बाकाच्या खणात ढकलली. काय लिहिलं ते आठवत नाही, पण पास झाले.

दुसऱ्या दिवशी स्टँडखाली पुन्हा हरभरे. ते तिथे राहिले असते तर आईनं विचारलं असतं. म्हणून ती आंघोळीला गेली की मी खाली वाकून सगळे खाऊन टाकायची. कच्चे, भिजलेले, मूठभर. "आला होता?" आई विचारायची. "हो," मी म्हणायची. पोट दुखायचं, ते मला बरंच वाटायचं.

सोळाव्या दिवशी डीपीसी झाली. बाबा संध्याकाळी पेढे घेऊन आले. नाव यादीत होतं. चहा घेताना सांगत होते, की विजिलन्सचा तो फॉर्म त्यांनी आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. "घर आहे, जमीन आहे, परदेशातले नातेवाईक आहेत. पोपटाचा कुठे रकानाच नाही गं." हे ते हसत सांगायला लागले आणि वाक्याच्या शेवटी त्यांना हसता आलं नाही. कपडेही न बदलता त्यांनी माळ्यावरून पिंजरा काढला, नळाखाली ब्रशनं घासला, जांभळाच्या फांदीची नवी दांडी बसवली आणि दार उघडं ठेवून गॅलरीत मांडला. अंधार पडेपर्यंत ते त्याच्याजवळ बसून होते. हातात पेपर नसलेले बाबा मी तोवर पाहिले नव्हते. "सकाळी येईल तेव्हा आपणहून आत जाईल," ते मला म्हणाले. मी मान हलवली.

सकाळी तो आला नाही, असं मला म्हणता येईना. "येऊन गेला, पण आत गेला नाही," असं म्हटलं. बाबा म्हणाले, "रागावला असेल आमच्यावर. साहजिक आहे."

असे आणखी चार-पाच दिवस गेले. मग माझ्या लक्षात आलं की आई हल्ली विचारतच नाही. हरभरे ठेवते, आंघोळीला जाते, येते, आणि 'आला होता का' हे काही विचारत नाही. माझ्याशी मात्र फार मऊ बोलते. एका सकाळी मी तोंडात हरभरे कोंबत असताना माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पोपट हरभऱ्याची सालं कधी खात नाही. सोलून टाकतो, फरशीभर करतो. मी सालासकट गिळत होते. इतके दिवस त्या फरशीवर एक साल पडलं नव्हतं, आणि ती गॅलरी रोज सकाळी आई स्वतः झाडायची.

तिला कळलं होतं. आज नाही तर उद्या ती मला समोर बसवणार आणि विचारणार, आणि आईनं डोळ्यांत बघून विचारलं की मला खोटं बोलता येत नसे. मग ती वाटीही बाहेर येणार. तिच्या दुःखाचा विचार माझ्या मनात आला असता तर किती बरं झालं असतं. मला फक्त माझी भीती दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हरभरे एकेक करून सोलले, आणि सालं कठड्याखाली, स्टँडपाशी, पिंजऱ्याच्या दारात, राघू टाकायचा तशी टाकून ठेवली.

मी आत केस विंचरत होते. गॅलरीत केरसुणीचा आवाज थांबला.

"अहो! अहो, इकडे या लवकर!"

आम्ही दोघं धावत गेलो. आईच्या तळहातावर सालं होती. तिचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता, नंतरही कधी नाही.

"आला होता तो," ती म्हणाली. "मी आशा सोडली होती हो. इतके दिवस एक साल दिसत नव्हतं. मला वाटलं गेला, आणि ही पोरगी माझ्यासाठी हरभरे खाऊन टाकतेय. म्हणून मी बोलले नाही. हिला कशाला आणखी दुखवायचं." मग ती माझ्याकडे वळली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उगाच संशय घेतला गं तुझ्यावर. राग नको मानू."

बाबांनी चष्मा काढून पुसला. आई आत पळाली आणि वाटी-चमचा घेऊन आली. आता डीपीसी झाली होती, पिंजरा तयार होता, लपवायचं काही कारण नव्हतं. ती कठड्याशी उभी राहून वाटी वाजवायला लागली. बाबा पिंजऱ्याचं दार धरून उभे राहिले, तो आत गेला की पटकन लावता यावं म्हणून. कडुनिंबात काही हललं नाही. निलगिरीवरून ती मात्र उठली आणि आमच्या वरून एक फेरी मारून गेली. बाबांनी टाळ्या वाजवून तिला हाकललं.

"थांबू नका, तिला हाकलत राहा, तो येईल," आई म्हणाली. ती वाजवतच होती. मग मागे न बघता तिनं मला सांगितलं, "अगं, तू पण हाक मार ना. तुझा आवाज ओळखतो तो."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, कठडा धरला, आणि मोठ्यानं त्याला हाका मारायला लागले.